हेल्थकेअर इन्व्हेस्टमेंट बँकिंगमधली नोकरी: रात्री किती जागाव्या लागतात आणि पुढे काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बी.फार्म झालंय, पुण्यात फायनान्सचं एमबीए संपत आलंय. मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या इन्व्हेस्टमेंट बँकेच्या हेल्थकेअर ग्रुपमध्ये ॲनालिस्टची ऑफर हातात आहे आणि दुसरीकडे एका मोठ्या बँकेच्या क्रेडिट विभागात नोकरी मिळतेय. काम कसं असतं, माणसं कशी असतात, एकाच क्षेत्रात शिरलं तर बाकीची दारं बंद होतात का, हे तुम्हाला विचारायचंय. आणि नाशिकला आई विचारतेय की रात्री दोन वाजता घरी कशी येणार.

मी पंधरा वर्षांहून जास्त काळ हेच काम करतेय, आणि मीही बी.फार्मच आहे. माझं मत आधीच सांगते, मग कारणं. हेल्थकेअरची ऑफर घ्या, पण तो ग्रुप डील शेवटापर्यंत नेणारा असेल आणि ज्युनिअर्सना हॉस्पिटलात, फॅक्टरीत सोबत नेणारा असेल तरच. नुसते पिच, म्हणजे काम मिळवण्यासाठीची प्रेझेंटेशन्स, बनवणारा ग्रुप असेल तर क्रेडिटची नोकरी बरी. तिथे निदान कर्ज बुडतं कसं हे शिकाल.

काम काय असतं? एखाद्या डॉक्टरांना हॉस्पिटलसाठी गुंतवणूकदार हवा असतो, एखाद्या औषध कंपनीला दुसरी कंपनी घ्यायची असते, कुणाला आयपीओ आणायचा असतो. आपण मॅन्डेट (व्यवहार करून द्यायचं काम) घेतो, टीझर (कंपनीची छोटी ओळख) आणि इन्फर्मेशन मेमोरँडम (खरेदीदारासाठीची सविस्तर माहिती) लिहितो, मॉडेल (कंपनीच्या आकड्यांचं एक्सेलमधलं गणित) बांधतो, डेटा रूम (कागदपत्रं बघायची ऑनलाइन जागा) उघडतो, खरेदीदारांचे शेकडो प्रश्न हाताळतो आणि करारावर सह्या होईपर्यंत दोन्ही बाजूंना टेबलावर बसवून ठेवतो. पहिली दोन वर्षं तुम्ही मुख्यतः एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्ये असाल. हे सगळ्याच सेक्टरमध्ये असतं. हेल्थकेअरचं वेगळेपण इतकंच की इथला आकडा कागदावरून कळत नाही. तो कुठून आला हे बघायला वॉर्डात जावं लागतं.

एक प्रसंग सांगते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातलं १८० बेडचं हॉस्पिटल आम्ही विक्रीला काढलं होतं. त्यांच्या एमआयएसमध्ये, म्हणजे व्यवस्थापनाच्या अहवालात, रोज सरासरी १४० बेड भरलेले, म्हणजे ऑक्युपन्सी ७८ टक्के. भरलेल्या बेडमागे रोजचं उत्पन्न साधारण २५ हजार. मेमोरँडम जवळपास तयार होतं. माझ्या टीममधली दुसऱ्या वर्षाची ॲनालिस्ट म्हणाली, मला मिडनाइट सेन्सस बघायचाय. रात्री बाराला कोणत्या बेडवर पेशंट आहे याची नोंद प्रत्येक वॉर्डाची सिस्टर करते, तो हा सेन्सस. आम्ही दोघी रात्री तिथे थांबलो. नाइट ड्यूटीच्या सिस्टरने लाल रेघांची वही पुढे केली आणि आम्ही मजल्यामागून मजला बेरीज करत गेलो. बेरीज ११६ च्या आसपास येत होती. दुसऱ्या रात्रीही तेच. उरलेले २४ कोण? डायलिसिसच्या खुर्च्यांवर चार तास बसून घरी जाणारे पेशंट. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची नोंद पूर्ण दिवसाच्या ॲडमिशनसारखी होत होती. कुणी लबाडी केली नव्हती, कित्येक वर्षं कुणी पाहिलंच नव्हतं.

ऑक्युपन्सी ७८ वरून ६४ टक्क्यांवर आली. डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला. पण पुढचं गणित बघा. डायलिसिसच्या एका सिटिंगचे दोन हजार रुपये बाजूला काढल्यावर खऱ्या ॲडमिट पेशंटमागचं रोजचं उत्पन्न ३० हजारांच्या घरात गेलं. म्हणजे हॉस्पिटल दाखवत होतं त्यापेक्षा गंभीर आजारांचं, चांगल्या दर्जाचं काम करत होतं, आणि एक वीट न रचता भरता येतील असे साठाहून जास्त बेड रिकामे होते. मेमोरँडम आम्ही पुन्हा लिहिलं आणि ही कहाणी आधीपेक्षा कितीतरी सरस ठरली. हीच चूक खरेदीदाराच्या ड्यू डिलिजन्सवाल्यांनी, म्हणजे विकत घेण्याआधी तपासणी करणाऱ्यांनी, शोधली असती, तर त्यांनी आमच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवला नसता. त्या मुलीने ते मॉडेल पुन्हा बांधताना रात्र जागून काढली, पण ती रात्र तिच्या कामी आली. माझ्या मते या नोकरीत रात्री किती तास गेले यापेक्षा कशावर गेले हे मोजावं.

औषध कंपन्यांकडे वही वेगळी, सवय तीच. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत, मे २०१० मध्ये, ॲबटने पिरामलचा देशांतर्गत फॉर्म्युलेशन्सचा (तयार औषधांचा) व्यवसाय ३.७२ अब्ज डॉलरला घेतला. २.१२ अब्ज आधी आणि पुढची चार वर्षं दरवर्षी ४० कोटी डॉलर. विक्रीच्या नऊपट भाव कशाला दिला, असं तेव्हा सगळे विचारत होते. तिथे विकली गेली ती मुख्यतः डॉक्टरांच्या लिहिण्यात बसलेली ब्रँडनावं आणि गावोगाव फिरणारी एमआरची (औषध कंपनीच्या प्रतिनिधींची) फौज. ज्याने एमआरसोबत एक दिवस दवाखान्यांच्या बाहेर उभं राहून काढलाय, त्याला ही किंमत समजते.

उलट बाजू रॅनबॅक्सी या औषध कंपनीची. जून २००८ मध्ये जपानच्या दाइची सान्क्योने शेअरमागे ७३७ रुपये देऊन ती घ्यायचं ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामकाने) देवास आणि पाओंटा साहिबच्या प्लांटमधल्या औषधांवर आयातबंदी घातली. २०१३ मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर भरले आणि २०१४ मध्ये दाइचीने ती सन फार्माच्या हवाली करायचं ठरवलं. गोष्ट तिथे संपली नाही. माहिती लपवल्याच्या आरोपावरून दाइची जुन्या प्रवर्तकांविरुद्ध सिंगापूरला लवादात गेली, जिंकली, आणि त्या वसुलीचा वाद त्याच प्रवर्तकांच्या फोर्टिस हॉस्पिटल्सपर्यंत पोहोचला. मलेशियाच्या आयएचएच या हॉस्पिटल कंपनीने २०१८ मध्ये १७० रुपये भावाने ४,००० कोटी घालून फोर्टिसचा ३१.१ टक्के हिस्सा घेतला. टेकओव्हरच्या नियमांप्रमाणे २५ टक्क्यांच्या वर गेलं की आणखी २६ टक्क्यांची ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या शेअरधारकांकडून शेअर घ्यायची जाहीर ऑफर, द्यावी लागते. ती डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने थांबली आणि वर्षानुवर्षं अडकून राहिली. औषधाच्या प्लांटमधल्या कागदपत्रांपासून निघालेला धागा दहा वर्षांनी हॉस्पिटलच्या व्यवहारात येऊन गुंतला. म्हणून एफडीएच्या इन्स्पेक्टरने दिलेला फॉर्म ४८३, म्हणजे प्लांटमधल्या त्रुटींची यादी, मुळातून, ओळ न् ओळ वाचणारा ॲनालिस्ट मला हवा असतो. तुमचं बी.फार्म इथे उपयोगी पडेल. स्टेबिलिटी डेटा किंवा डेटा इंटेग्रिटी म्हणजे काय हे इंजिनिअर-एमबीए मुलाला समजावायला मला तास लागतो, तुम्ही ते प्रॅक्टिकलमध्ये केलेलं आहे.

महाराष्ट्रात काम करताना आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे ट्रस्ट हॉस्पिटलं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या हॉस्पिटलांना सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम ४१ अअ खालच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, शिवाय बिलाचे दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात. ट्रस्टची मालमत्ता कंपनीसारखी शेअर विकून हस्तांतरित होत नाही, म्हणून व्यवहार बहुतेकदा चालवायला घेण्याच्या कराराच्या रूपात होतो. जागा कुणाची, लीज कुणाच्या नावावर, महापालिकेच्या अटी काय, हे आधी बघायचं. मूल्यांकन नंतर. याला मी फक्त कायद्याची अट म्हणून बघत नाही. मोफत खाटा खरोखर दिल्या जातात की नाही, हे मी प्रत्येक वेळी रजिस्टर उघडून तपासते, आणि माझ्या ग्रुपमध्ये तो तपास कुणी टाळलेला मला चालत नाही.

आता तासांबद्दल. २०२१ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या १३ ॲनालिस्टनी स्वतःचाच एक सर्व्हे करून वरिष्ठांना दाखवला. आठवड्याला सरासरी ९५ तास काम, रात्री पाच तास झोप. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने ज्युनिअर बँकर्ससाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, तीही डील ऐन रंगात नसताना. मर्यादा म्हणून ८० तास ठरवावे लागतात यावरून काय ते समजा. मुंबईत माझ्या अनुभवात साधा आठवडा ६५ ते ७५ तासांचा असतो, डीलचे शेवटचे दोन-तीन आठवडे ९० च्या पुढे जातात, आणि मग एखादा आठवडा असा येतो की संध्याकाळी सातला घरी जाता येतं.

बाहेरच्यांना दिसत नाही ते असं की या रात्री बऱ्याच वेळा वरच्या माणसाच्या बेशिस्तीतून तयार होतात. ॲनालिस्ट सकाळी दहापासून कॉमेंट्सची वाट बघत बसतो. व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट) दिवसभर मीटिंगमध्ये असतो, रात्री नऊला पानं उघडतो, साडेनऊला लाल पेनाने भरलेला स्कॅन पाठवतो आणि सकाळी आठला पाहिजे म्हणतो. यात पेशंटचं, क्लायंटचं, कुणाचंच भलं होत नाही. म्हणून ग्रुप निवडताना मी एमडीच्या (मॅनेजिंग डायरेक्टरच्या) नावाकडे कमी आणि तुमच्या लगेच वर बसणाऱ्या असोसिएट-व्हीपीकडे जास्त बघायला सांगते. तुमचं आयुष्य तोच माणूस ठरवणार असतो.

माझ्या पहिल्या नोकरीतली एक गोष्ट मी अजून विसरलेले नाही. बाबांची अँजिओप्लास्टी साताऱ्यात झाली तेव्हा मी कॅथलॅबच्या बाहेरच्या बाकावर बसून फोनवर पानं सुधारत होते. मला कुणी ‘कर’ म्हणालं नव्हतं, पण ‘करू नकोस’ असंही कुणी म्हणालं नाही, आणि रात्री अकराला ‘थोडं लवकर होईल का’ असा मेल आला. आम्ही हॉस्पिटलचंच मूल्यांकन करत होतो. त्या बाकावर मी ठरवलं की माझा ग्रुप झाला तर घरचं माणूस ॲडमिट असेल त्याचा लॅपटॉप आम्ही काढून घेऊ. आज तसंच करतो. एका माणसाचं काम दुसरे दोघे वाटून घेतात, आणि त्यामुळे आजवर एकही डील तुटलेली नाही.

तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि संरक्षण व घरापर्यंत पोहोचवायची व्यवस्था करणं मालकाची जबाबदारी असते. व्यवस्थित चालणाऱ्या बँका उशिरा निघणाऱ्यांना कॅब देतातच. तरी एचआरला लेखी विचारा: कॅब कितीनंतर मिळते, सोबत गार्ड असतो का, ठाणे-डोंबिवलीपर्यंत येते का. आणि पहिलं वर्ष बीकेसी किंवा परळपासून अर्ध्या तासाच्या आत राहा, दोघी-तिघींनी मिळून खोली घ्या. भाडं जास्त पडेल, पण तीन तासांचा लोकलचा प्रवास आणि ७५ तास काम एकत्र झेपत नाही. मी वर्षभर कल्याणहून ये-जा केली, म्हणून ठामपणे सांगते. पुढे लग्न, मूल यांचा विचार आत्ताच मनात असेल तर हेही विचारा की ग्रुपमध्ये व्हीपीच्या वर किती बायका आहेत आणि २६ आठवड्यांच्या रजेवरून परत आलेली कुणी आहे का. असेल तर तिच्याशीच बोला.

माणसांबद्दल सांगायचं तर क्लायंट हाच या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे. हॉस्पिटलचा मालक बहुतेक वेळा डॉक्टर असतो. त्याने स्वतःच्या ऑपरेशनच्या पैशांतून एक-एक मजला चढवलेला असतो. त्याच्यासमोर मल्टिपल (नफ्याच्या किती पट भाव), आयआरआर (गुंतवणुकीवरचा वार्षिक परतावा) बोलत सुटलात तर तो दुसऱ्या भेटीला बोलावणार नाही. एका सर्जनांनी तीन ऑफर हातात असताना किंमत वाचायच्या आधी मला विचारलं, ‘आमच्या मावशी आणि वॉर्डबॉयना काढणार नाहीत, हे यातल्या कुणाच्या टर्म शीटमध्ये लिहिलंय?’ कुणाच्याच नव्हतं. आम्ही ते लिहून घेतलं आणि ज्याने पटकन मान्य केलं त्याच्याशी पुढे बोलणी झाली. त्याचा भाव दुसऱ्या नंबरचा होता. अशा वेळी मराठीत बोलता येणं उपयोगी पडतं. सांगली, कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगरच्या डॉक्टर मंडळींशी त्यांच्या भाषेत आकडे समजावणारा बँकर त्यांना फारसा भेटत नाही.

आता करिअरचं. एकाच क्षेत्रात अडकण्याची भीती मलाही होती, पण अनुभव उलटा आला, कारण या क्षेत्रात तीच हॉस्पिटलं, त्याच कंपन्या आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटल्सचंच घ्या. २०१९ मध्ये एव्हरस्टोन ही गुंतवणूक कंपनी आली, २०२२ मध्ये कॅनडाचा ओंटारिओ टीचर्स हा पेन्शन फंड आला, २०२५ मध्ये मणिपालने ती घ्यायचा करार केला. सहा वर्षांत मालकीचे तीन व्यवहार. नवी मुंबईची औषध कंपनी भारत सीरम्स ॲडव्हेंट या फंडाकडून मॅनकाइंड फार्माकडे गेली, २०२४ मध्ये, १३,६३० कोटींना. जेबी केमिकल्स केकेआर या फंडाने २०२० मध्ये घेतली आणि २०२५ मध्ये टोरंटला विकायचं ठरवलं. प्रायव्हेट इक्विटी फंड (कंपन्यांत मोठा हिस्सा घेणारा गुंतवणूकदार) तीन-सहा वर्षांनी विकतोच, त्यामुळे आज ज्याला कंपनी विकलीत तो उद्या विकायला तुमच्याकडे येतो. पहिल्या व्यवहारात ॲनालिस्ट असलेला माणूस तिसऱ्या व्यवहारापर्यंत व्हीपी झालेला असतो, आणि त्या हॉस्पिटलची कॅथलॅब कधी बदलली हे त्याला मेमोरँडम न उघडता आठवतं. ही माहिती दरवर्षी साठत जाते आणि कामाला येते. सगळ्या सेक्टरचं थोडं थोडं करणाऱ्याकडे ती साठत नाही.

ॲनालिस्टपासून असोसिएट, व्हीपी, डायरेक्टर, एमडी अशी पायरी असते. दोन-तीन वर्षांनी बरेच जण बाहेर पडतात. हेल्थकेअर बघणारे पीई (प्रायव्हेट इक्विटी) फंड, हॉस्पिटल चेनचे एम अँड ए (कंपन्यांची खरेदी-विलीनीकरण) विभाग, औषध कंपन्यांचं बिझनेस डेव्हलपमेंट, आयपीओच्या वाटेवरच्या कंपन्यांची सीएफओ टीम. गेल्या काही वर्षांत आपल्या आसपासचीच ठाण्याची ज्युपिटर, पुण्याची कृष्णा डायग्नोस्टिक्स आणि एमक्युअर बाजारात आल्या. अशा कंपन्यांना लिस्टिंगनंतर गुंतवणूकदारांशी बोलणारी माणसं लागतात आणि ती त्या बँकर्समधूनच शोधतात.

वाईट काळही येतो, तो लपवत नाही. २०१७ मध्ये स्टेंट आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली. रुग्णांसाठी ती आवश्यक होती असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण हॉस्पिटलांची मॉडेल्स एका रात्रीत बदलली. त्याच काळात अमेरिकेत जेनेरिकच्या किमती घसरल्याने औषध कंपन्यांची डील्सही थंडावली होती. आमची कमाई मुख्यतः सक्सेस फीवर असते. डील क्लोज झाली नाही तर वर्षभर राबूनही बोनस बारीक येतो. म्हणून घरखर्च फिक्स्ड पगारात बसवा आणि बोनस धरून गृहकर्ज घेऊ नका. जॉइनिंग बोनस असेल तर तो किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो, ही ओळ ऑफर लेटरमध्ये शोधा.

तयारी म्हणून सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाचा कोर्स) केलंत तर चांगलं, नाही केलंत तरी अडत नाही. तीन लिस्टेड हॉस्पिटल कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि गुंतवणूकदारांसाठीची प्रेझेंटेशन्स घेऊन बेड, ऑक्युपन्सी, बेडमागचं उत्पन्न, पेशंट सरासरी किती दिवस राहतो, कॅश-इन्शुरन्स-सरकारी योजना यांचं प्रमाण, हे सगळं एका शीटवर स्वतःच्या हाताने मांडा. कोण बेड कसे मोजतं यातला फरक लगेच दिसेल. आणि पहिल्या दिवसापासून एक पथ्य पाळा. लिस्टेड कंपनीच्या डीलबद्दल घरी, मैत्रिणींत, लोकलमध्ये, कुठेही अवाक्षर काढायचं नाही. इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांप्रमाणे ही माहिती कुणाकुणाला दिली याची नोंद ठेवावी लागते. तुमच्या तोंडून सुटलेल्या एका कंपनीच्या नावावर भावाने शेअर घेतले, तर तुम्ही दोघंही अडकाल.

सही करण्याआधी त्या ग्रुपला तीन प्रश्न विचारा. गेल्या दोन वर्षांत किती मॅन्डेट घेतली आणि किती क्लोज झाली? त्यातल्या शेवटच्या डीलचं मॉडेल कुणी बांधलं, आणि तो माणूस अजून इथे आहे का? ॲनालिस्ट साइट व्हिजिटला जातो का? तिसऱ्या प्रश्नावर ‘गरज पडली तर’ असं उत्तर आलं, तर मी क्रेडिटची ऑफर घेईन. मग ग्रुप सोडून गेलेल्या एका माणसाला लिंक्डइनवर शोधून फोन करा. शनिवारी दुपारी करा, तेव्हा लोक निवांत बोलतात. आणि फोन करायच्या आधी नाशिकमधल्या ओळखीच्या एखाद्या हॉस्पिटलात जाऊन, परवानगी घेऊन, तिथल्या सिस्टरला रात्री बाराची वही दाखवायला सांगा.